चाइल्ड्स: मुलांच्या बोलण्यातून संशोधन शिकवणारा संग्रह

बालविकासाच्या विद्यार्थ्याची संशोधनपद्धतीशी ओळख बहुधा व्याख्यांमधून होते. गृहीतक म्हणजे काय, नमुना कसा निवडावा, विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांत फरक कोणता, हे तो शिकतो आणि परीक्षेत लिहितो. मात्र प्रत्यक्ष मुलांविषयीची कच्ची सामग्री त्याच्या हाती येते ती प्रबंधाच्या अखेरच्या टप्प्यात, तीही थोडीथोडकी आणि घाईने जमवलेली. मुलांवरील संशोधनासाठी नैतिक समितीची मान्यता, पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची तयारी लागते, आणि ती लागलीच पाहिजे. परंतु त्यामुळे सरावाची सामग्री कुठून आणायची, हा प्रश्न उरतोच. या प्रश्नाला मला आजवर सापडलेले सर्वांत समाधानकारक उत्तर म्हणजे ‘चाइल्ड लँग्वेज डेटा एक्सचेंज सिस्टम’, म्हणजेच चाइल्ड्स. हा मुलांच्या नैसर्गिक संभाषणांच्या नोंदींचा एक खुला संग्रह आहे. भाषाविकासाच्या संशोधकांसाठी तो उभारला गेला. मी त्याचे परीक्षण मात्र संशोधन शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने करणार आहे, कारण त्याचे ते मोल फारसे कोणी सांगत नाही.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. मुलांच्या बोलण्याच्या नोंदी ठेवण्याची परंपरा जुनी आहे. चार्ल्स डार्विनने आपल्या मुलाविषयीची टिपणे १८७७ मध्ये प्रसिद्ध केली होती. ध्वनिमुद्रणाची साधने आल्यावर १९६० च्या दशकात रॉजर ब्राउन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ॲडम, ईव्ह आणि सेरा या तीन मुलांच्या घरी नियमित जाऊन त्यांची संभाषणे टिपली. अशा नोंदी टंकलिखित कागदांवर राहत, ज्याने त्या केल्या त्याच्याच कपाटात पडून असत आणि दुसऱ्याला त्या तपासायच्या असतील तर प्रती मागवाव्या लागत. ब्रायन मॅक्विनी आणि कॅथरीन स्नो यांनी १९८४ मध्ये चाइल्ड्सची सुरुवात केली ती ही सामग्री एका ठिकाणी, एकाच लेखनपद्धतीत आणि सर्वांना वापरता येईल अशी ठेवण्यासाठी. आज हा संग्रह ‘टॉकबँक’ या मोठ्या प्रकल्पाचा भाग आहे आणि त्याचे केंद्र कार्नेगी मेलन विद्यापीठात आहे. त्यात कितीतरी भाषांमधील मुलांच्या नोंदी असून, सामग्री आणि तिच्या विश्लेषणासाठीचा ‘क्लान’ हा संगणकीय कार्यक्रम या दोन्हींसाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

या संग्रहातील कोणतीही फाइल उघडली की पहिल्या काही ओळींतच शिकण्याची सुरुवात होते. वरच्या भागात कोण बोलत आहे, मुलाचे त्या दिवशीचे वय किती, भाषा कोणती, हे ठरावीक पद्धतीने लिहिलेले असते. वय ‘२;०३.१५’ असे मांडतात, म्हणजे दोन वर्षे, तीन महिने आणि पंधरा दिवस. ही बारकाई अनावश्यक वाटू शकते. पण ‘दोन वर्षांची मुले’ असे सरधोपट लिहिण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याने एकाच मुलाची दोन महिन्यांच्या अंतराची दोन संभाषणे शेजारी ठेवून वाचली, तर त्या वयात काही आठवड्यांनी किती फरक पडतो हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते आणि पुढे कोणताही शोधनिबंध वाचताना तो नमुन्यातील वयाचा पल्ला आधी शोधू लागतो.

त्याखाली संभाषण येते. प्रत्येक उद्गाराला, म्हणजे सलग बोललेल्या एकेका तुकड्याला, स्वतंत्र ओळ, ओळीच्या आरंभी बोलणाऱ्याची खूण, आणि गरज असेल तिथे खाली जोडओळी: एकीत शब्दांचे व्याकरण, दुसरीत त्या क्षणी घडलेली कृती, तिसरीत नोंद करणाऱ्याचे भाष्य. या लेखनपद्धतीला ‘चॅट’ म्हणतात. न समजलेल्या उच्चारासाठी एक खूण, अडखळून पुन्हा म्हटलेल्या शब्दासाठी दुसरी, वाक्य मध्येच सोडून नव्याने सुरू केले तर तिसरी. या खुणा शिकायला वेळ लागतो. तो द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण प्रत्येक खुणेमागे एक निर्णय आहे. मुलाने अर्धवट उच्चारलेला शब्द पूर्ण शब्द मानायचा का? दोन उद्गारांमधली सीमा कुठे आखायची, विरामावरून की स्वराच्या चढउतारावरून? आईच्या वाक्याची नक्कल केली असेल तर ते मुलाचे बोलणे समजायचे का? छापील निबंधात हे निर्णय एखाद्या वाक्यात उरकलेले असतात. येथे ते ओळीओळीला समोर उभे राहतात, आणि मुलाचा आवाज व निबंधातील आकडा यांच्यामध्ये माणसाच्या निर्णयांची एक लांब साखळी असते हे विद्यार्थ्याला प्रथमच उमगते. संशोधनकौशल्यांपैकी नेमके हेच कौशल्य वर्गात शिकवणे सर्वांत अवघड आहे, असे माझे मत आहे.

ज्या संग्रहांना ध्वनिमुद्रण जोडलेले आहे, तेथे यापुढे जाता येते. एखादी फाइल निवडावी, लिखित भाग झाकून ठेवावा, काही मिनिटांचे संभाषण स्वतः ऐकून चॅटच्या नियमांनुसार उतरवावे, आणि मग ते मूळ नोंदीशी ताडून पाहावे. दोन विद्यार्थ्यांनी हेच काम परस्परांना न विचारता केले तर आणखी उत्तम. जेकब कोहेनने १९६० मध्ये मांडलेला कप्पा गुणांक बहुतेकांनी सूत्र म्हणून पाठ केलेला असतो. केवळ योगायोगाने होणारी सहमती वजा करून उरलेली सहमती तो मोजतो. स्वतःच्या आणि मैत्रिणीच्या संकेतनाची, म्हणजे प्रत्येक उद्गार ठरावीक प्रकारांपैकी एकात बसवण्याच्या कामाची, तुलना करताना हा गुणांक काढला की, टक्केवारीतली सहमती भरघोस दिसत असतानाही कप्पा कमी का येतो, हे लगेच कळते: बहुसंख्य उद्गार एकाच प्रकारात पडत असतील तर डोळे मिटून तोच प्रकार लिहिणाऱ्यांचेही पुष्कळदा जुळेल. विश्वसनीयतेचा धडा शिकवण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

मोजणीकडे वळू. भाषाविकासातील सर्वांत परिचित माप म्हणजे उद्गाराची सरासरी लांबी. मुलाच्या प्रत्येक उद्गारात अर्थ किंवा व्याकरण वाहणारे लहानात लहान घटक, म्हणजे रूपिका, किती आहेत हे मोजून त्यांची सरासरी काढायची. क्लानमध्ये त्यासाठी एका ओळीची आज्ञा पुरते आणि क्षणात उत्तर येते. नेमके म्हणूनच, पहिल्या खेपेस हे काम हाताने करावे, अशी माझी शिफारस आहे. ब्राउनने घालून दिलेले नियम वाचण्यासारखे आहेत. नोंदीचे पहिले पान सोडून पुढचे शंभर उद्गार घ्यायचे. ‘हं’, ‘ओह’ यांसारखे भरीचे उच्चार मोजायचे नाहीत, पण ‘नाही’ किंवा ‘हाय’ (अभिवादन) या अर्थाचे शब्द मोजायचे. जोडशब्द आणि विशेषनामे एकच रूपिका मानायची. इंग्रजीतील अनियमित भूतकाळी रूपांनाही एकच गुण द्यायचा, कारण ‘गो’ आणि ‘वेंट’ यांचे नाते मुलाला कळले आहे असा पुरावा आपल्यापाशी नसतो. या शेवटच्या नियमात एक संपूर्ण शिस्त आहे. प्रौढाला माहीत असलेले व्याकरण मुलाच्या तोंडी घालायचे नाही, मुलाच्या बोलण्यातून जेवढे सिद्ध होते तेवढेच त्याच्या नावावर मांडायचे. बालविकासाच्या कोणत्याही शाखेत काम करणाऱ्याला ही शिस्त लागते. चित्रे काढणाऱ्या, ठोकळे रचणाऱ्या किंवा रुसून बसलेल्या मुलाचे निरीक्षण करणाऱ्यालाही.

ब्राउनच्या तीन मुलांच्या नोंदी या संग्रहात आहेत आणि आरंभासाठी त्या उत्तम आहेत. अभ्यास सुरू झाला तेव्हा तिघांच्या उद्गारांची सरासरी लांबी साधारण सारखी होती. वय मात्र ईव्हचे १८ महिने आणि ॲडम व सेराचे २७ महिने होते. मुलांची तुलना वयानुसार करावी की विकासाच्या टप्प्यानुसार, हा पाठ्यपुस्तकातील कोरडा प्रश्न या एका उदाहरणाने जिवंत होतो. त्याच वेळी मापाच्या मर्यादाही दिसतात. बोलणे गुंतागुंतीचे होत गेले की केवळ लांबी फारसे काही सांगत नाही. आणि ज्या भाषांत एकाच शब्दाला लिंग, वचन, विभक्ती असे अनेक प्रत्यय चिकटतात, तेथे रूपिका कशा मोजायच्या हे नव्याने ठरवावे लागते, त्यामुळे दोन भाषांमधील मुलांचे आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. शब्दवैविध्याच्या मापाचेही तसेच आहे. वेगवेगळ्या शब्दांचे एकूण शब्दांशी गुणोत्तर क्लान तत्काळ काढून देतो, पण नमुना जितका लांब तितके शब्द पुन्हा येतात आणि गुणोत्तर खाली घसरते. अधिक बोलणारे मूल त्यामुळे उगाच शब्ददरिद्री ठरते. एकाच फाइलमधील पहिले दोनशे शब्द आणि पहिले हजार शब्द घेऊन हे ज्याने त्याने पडताळून पाहावे.

या संग्रहाने संशोधनात काय घडवले, याचे एक उदाहरण सविस्तर सांगावेसे वाटते, कारण त्यातून विद्यार्थ्याला संग्रहाची ताकद आणि त्याची सर्वांत मोठी उणीव दोन्ही एकदम समजतात. इंग्रजी बोलणारी मुले ‘वेंट’ऐवजी ‘गोएड’ म्हणतात, म्हणजे नियम शिकल्यावर तो नको तिथेही लावतात, ही गोष्ट प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. वाचणाऱ्याचा समज असा होतो की काही काळ मुले सतत असेच बोलतात. गॅरी मार्कस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ८३ मुलांच्या उत्स्फूर्त बोलण्यातील अनियमित भूतकाळाची ११,५२१ रूपे तपासली, आणि अशा चुकांच्या प्रमाणाचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यास मधोमध येणारा आकडा, निघाला अवघा २.५ टक्के. लक्षात राहणारी चूक आणि वारंवार होणारी चूक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या आकड्याने दाखवून दिले. सामायिक नोंदी हाताशी नसत्या तर एवढी रूपे जमवणे कोणा एकाला शक्य झाले नसते.

पण हे प्रकरण तिथे संपत नाही. मूल दिवसाला सुमारे दहा तास जागे आणि बोलते असते असे धरले तर आठवड्याला सत्तर तास होतात. आठवड्यातून एक तास ध्वनिमुद्रण करणाऱ्या संशोधकाकडे त्याच्या बोलण्याचा दीड टक्काही येत नाही. एखादे क्रियापद मूल क्वचितच वापरत असेल, तर त्याच्या चुका इतक्या विरळ जाळ्यात सापडतीलच असे नाही, आणि सगळ्या क्रियापदांची बेरीज केली की नेहमीच्या, बरोबर वापरल्या जाणाऱ्या मोजक्या शब्दांचे पारडे जड होते. २००४ मध्ये मॅस्लेन आणि सहकाऱ्यांनी एकाच मुलाच्या दोन ते जवळजवळ चार वर्षे या वयातील अत्यंत दाट नोंदी तपासल्या. त्यात त्याच्या बोलण्याचा ८ ते १० टक्के भाग आला होता. काही क्रियापदांच्या बाबतीत, शेकडो वेळा योग्य रूप ऐकूनही आणि बोलूनही, चुका दीर्घकाळ चालू राहिल्याचे त्यांना आढळले. पहिला अभ्यास त्यामुळे खोटा ठरत नाही. अनेक मुलांचे थोडे थोडे बोलणे आणि एका मुलाचे पुष्कळ बोलणे हे दोन वेगळे नमुने आहेत आणि ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. हे दोन्ही निबंध एकापाठोपाठ वाचून त्याच जातीच्या नोंदी स्वतः उघडून पाहणे हा नमुनानिवडीवरील कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोलाचा अभ्यास आहे.

आता उणिवा. क्लान हा कार्यक्रम सामर्थ्यवान आहे, पण त्याची रचना आज्ञा टंकून काम करणाऱ्या काळातली आहे. बटणे दाबून काम करण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याला तो परका वाटतो. चॅट आणि क्लान यांच्या हस्तपुस्तिका विस्तृत आणि अचूक आहेत, मात्र त्या नवशिक्यासाठी लिहिलेल्या नाहीत. काय वाचायचे आणि काय सध्या सोडायचे हे सांगणारे कोणी सोबत नसेल, तर पहिल्या काही बैठका निरुत्साही करतात. ज्यांना ‘आर’ ही सांख्यिकीची संगणकीय भाषा येते, त्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चाइल्ड्स-डीबी’च्या मार्गाने यावे, तीच सामग्री तेथे तक्त्यांच्या रूपात मिळते आणि विश्लेषणाची प्रत्येक पायरी पुन्हा चालवून पाहता येते. मात्र तक्त्यांतून काम करताना संभाषण नजरेआड होते, म्हणून किमान काही फाइली मुळातून वाचल्याशिवाय या वाटेने जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

अधिक गंभीर उणीव सामग्रीच्या स्वरूपाची आहे. इंग्रजी आणि युरोपीय भाषांचा वाटा मोठा आहे; अनेक संग्रहांतील कुटुंबे सुशिक्षित आहेत, आणि घरात ध्वनिमुद्रण करू देणारी कुटुंबे मुळातच निवडक असतात. हेन्रिच, हाइने आणि नोरेन्झायान यांनी २०१० मध्ये मानसशास्त्राच्या एकूणच नमुन्यांवर घेतलेला आक्षेप येथेही लागू पडतो: पाश्चात्त्य, शिक्षित, संपन्न समाजातील थोड्या माणसांवरून माणूसजातीविषयी बोलले जाते. शिवाय बहुतेक नोंदी आई आणि मूल यांच्यातील खेळ किंवा जेवण अशा प्रसंगांच्या आहेत. जिथे लहान मुले दिवसभर भावंडांत आणि मोठ्या मुलांत वावरतात, तिथले बोलणे या चौकटीत नीट बसत नाही. हावभाव, नजर, बोट दाखवणे यांची नोंद काही फाइलींत काळजीपूर्वक केलेली असते तर काहींत जवळजवळ नसते. प्रत्येक संग्रह वेगळ्या संशोधकाने वेगळ्या प्रश्नासाठी केला असल्याने दोन संग्रह एकत्र मिसळण्यापूर्वी दोन्हींची परिचयपाने वाचणे अपरिहार्य आहे. आपोआप जोडलेल्या व्याकरणाच्या ओळींतही चुका असतात; मुलांच्या मोडक्या वाक्यांवर त्या अधिकच संभवतात, तेव्हा निष्कर्ष ज्या शब्दांवर टेकलेला असेल तेवढे तरी डोळ्यांनी तपासावेत.

नैतिकतेचा भाग मात्र या सेवेने चांगला सांभाळला आहे, आणि विद्यार्थ्याला तो कृतीतून शिकता येतो. सामग्री वापरणाऱ्याने मूळ संग्रह तयार करणाऱ्यांचा उल्लेख करणे बंधनकारक आहे. संवेदनशील नोंदींना परवलीचा शब्द लागतो. पुष्कळ ठिकाणी मुलांची खरी नावे बदललेली आहेत. तरीही आपल्या संस्थेच्या नैतिक समितीला या कामाची माहिती द्यावी, कारण सामग्री आधीच खुली असली तरी ती माणसांची आहे. जुन्या नोंदींत दोन वर्षांचे असलेले मूल आज प्रौढ आहे, आणि त्याच्या वतीने संमती दुसऱ्या कोणी दिली होती. अशा नोंदींतील एखादा हळवा किंवा लाजिरवाणा प्रसंग निबंधात उतरवण्यापूर्वी तो विश्लेषणाला खरोखर लागतो का, हे स्वतःला विचारण्याची सवय याच टप्प्यावर लागावी.

याच्या जोडीला दोन सेवांचा थोडक्यात उल्लेख करतो. ‘वर्डबँक’मध्ये पालकांनी भरलेल्या शब्दयाद्यांवरून मुलांच्या शब्दसंग्रहाची माहिती मिळते, ध्वनिमुद्रणातून आलेला आकडा आणि पालकांच्या सांगण्यातून आलेला आकडा यांची तुलना करण्यासाठी ती उपयोगी आहे. ‘डेटाब्ररी’मध्ये मुलांवरील संशोधनाच्या चित्रफिती आहेत, त्यामुळे भाषेपलीकडचे वर्तन अभ्यासणाऱ्यांना ती अधिक जवळची वाटेल, मात्र चित्रफितींत चेहरे दिसत असल्याने तेथे संस्थेमार्फत अधिकृत परवानगी लागते आणि विद्यार्थ्याला मार्गदर्शकाच्या जबाबदारीवरच प्रवेश मिळतो. हे बंधन योग्यच आहे. पण ज्याला आजच काम सुरू करायचे आहे त्याच्यासाठी चाइल्ड्स अधिक सुलभ ठरते.

पदवीच्या शेवटच्या वर्षातील किंवा पदव्युत्तर पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याला, इंग्रजी वाचण्याची अडचण नसेल आणि आठवड्यातून काही तास सलग बसण्याची तयारी असेल, तर ही सेवा मी निःशंकपणे सुचवेन. ज्यांचा विषय भाषा नाही, आसक्ती (मुलाचे पालकांशी जडणारे भावनिक नाते), खेळ किंवा भावनांचे नियमन असा काही आहे, त्यांनीही एका सत्रापुरते येथे काम करावे. पालक मुलाला भावनांविषयी काय सांगतात, खेळात नियम कोण ठरवते, असे प्रश्न याच संभाषणांना विचारता येतात. झटपट आकडे काढून प्रबंधाची पाने भरण्यासाठी मात्र येथे येऊ नये. आरंभी ईव्हच्या वीस फाइलींपैकी पहिली आणि शेवटची निवडावी. दोन्ही संपूर्ण वाचाव्यात, प्रत्येकीतील शंभर उद्गारांची सरासरी लांबी हाताने काढावी, मग क्लानकडून तेच काम करून घ्यावे आणि दोन उत्तरांत जो फरक येईल तो नेमका कोणत्या उद्गारांमुळे आला हे शोधून एका पानात लिहून मार्गदर्शकाला दाखवावे.